जमीर फिटरचं इंग्रजी

पडदा वर जातो.

समोर वणीतल्या एका जुन्या, कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगची लांबलचक शेड. जून महिना, सकाळचे नऊ. कापसाचा हंगाम केव्हाच संपलाय, कामगार आपापल्या गावी गेलेत आणि बारा मशिनी एका रांगेत, तोंडावर गोणपाट ओढून झोपल्या आहेत. वरच्या पत्र्याला जिथे जिथे भोकं पडलीत तिथून उजेडाचे खांब खाली उतरलेत आणि त्या खांबांतून रुईचे बारीक तंतू तरंगताहेत. कितीही झाडा, ते संपत नाहीत. तुळयांवर, स्विचबोर्डावर, बंद पडलेल्या घड्याळावर साचून राहतात आणि एखाद्या कबुतरानं पंख झटकला की पुन्हा हवेत येतात. मी पंचेचाळीस वर्षं रंगमंचावर काढली, झाडीपट्टीपासून पुसदपर्यंत नाटकं केली. असा प्रकाश पाडणारा माणूस मला कुठल्याच कंपनीत भेटला नाही.

डाव्या विंगेतून जमीर फिटर येतो. सत्तावन्न वर्षांचा, काटक, खाकी पँटवर बनियन. दाढी वयानं पांढरी झाली की रुईनं, हे लांबून कळत नाही. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात खडू. पहिल्या मशिनीवरचं गोणपाट तो हलकेच बाजूला करतो, बेअरिंगमध्ये दोन थेंब तेल सोडतो आणि तिच्या कानात सांगावं तसं म्हणतो, "गो, वेन्ट, गॉन."

मग दुसरी. "सी, सॉ, सीन."

मग तिसरी. "ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट." इथे तो थांबतो, मागे वळून खडूनं लिहिलेलं वाचतो, मान डोलावतो. बाराही मशिनींच्या लोखंडी अंगावर त्यानं एकेक इंग्रजी क्रियापद लिहून ठेवलंय. सातव्या नंबरची मशीन हंगामात हटकून बंद पडते. तिच्या वाट्याला ब्रेक, ब्रोक, ब्रोकन आलंय.

"हीले हेच शोभते," तो मला म्हणाला होता.

मी जीनच्या, म्हणजे या जिनिंगच्या, मागच्या गल्लीत राहतो. डॉक्टरांनी सावलीत फिरायला सांगितलंय आणि वणीत एवढी मोठी सावली दुसरी नाही, म्हणून रोज सकाळी तिथे जातो. जमीरची ओळख जुनी. आमच्या नाटकाचा जनरेटर एकदा भर दुसऱ्या अंकात बंद पडला होता, तेव्हा यानं अंधारात, नुसत्या बोटांनी चाचपून तो सुरू केला. त्याचं वय तेव्हा तेवीस-चोवीस असेल. बक्षीस म्हणून काय हवं विचारलं तर म्हणाला, "शेवट पाहू द्या." विंगेत उभं राहून त्यानं शेवट पाहिला आणि निघून गेला. तेव्हापासून मी त्याला अरेतुरे करतो आणि तो मला सदूभाऊ म्हणतो.

त्याचे वडील पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य घेऊन मारेगाव, झरी, पाटणबोरी अशी गावं पायी करायचे. गाद्या, उश्या, लेकराच्या दुपट्याचा कापूस. गावात शिरताना ते तार छेडत आणि बाया घराबाहेर येत. जमीर सातवी झाला, पाच-सहा वर्षं त्यांच्यामागे हिंडला आणि मग जीनमध्ये लागला. "अब्बानं कापसाले तार ऐकवली, मी रोलर ऐकवतो," असं तो सांगतो. "खानदान तेच. आवाज तेवढा वाढला."

आता इंग्रजी कशासाठी, ते सांगतो.

जिनिंगच्या मशिनी बनवणारी एक कंपनी दरवर्षी आपल्याकडचे फिटर टांझानियाला पाठवते. तिथेही कापूस पिकतो, आणि आपला हंगाम संपला की त्यांचा सुरू होतो. चार महिने जायचं, नवी मशिनरी उभी करायची, तिथल्या माणसांना चालवायला शिकवायची आणि परत यायचं. अट एकच. तिकडच्या जीनची इंजिनिअर मॅडम लॅपटॉपवर समोरासमोर वीस मिनिटं बोलते. इंग्रजीत. ती हो म्हणाली तर जायचं. मागच्या एप्रिलमध्ये जमीरला तशी संधी आली होती. पंधरा मिनिटं तो "येस मॅडम, येस मॅडम" करत राहिला. मॅडमनं आभार मानले आणि दुसऱ्या कुणाला तरी निवडलं. आता पुढचा एप्रिल हा शेवटचा. अठ्ठावन्न उलटलेल्या माणसाला कंपनी पाठवत नाही.

"पैशासाठी धडपडून राह्यला का रे?" मी विचारलं होतं.

"पैसा नाई हो सदूभाऊ." तो सातव्या मशिनीच्या पोटात डोकं घालून बोलत होता, त्यामुळे आवाज घुमत होता. "अडतीस वर्षं झाले, दुसऱ्यानं उभ्या केलेल्या मशिनीचं दुखणं काढून राह्यलो. नवीन बसवाची असली की बाहेरचे लोक येते, बसवते, फोटो काढते अन् जाते. मंग ती बिघडली की जमीरले बलावते. मले एकदा रिकामी जागा पाह्याची हाये. काहीच नाई अशी. अन् मंग तिथं माह्या हातानं उभा केलेला जीन चालू होताना पाह्याचा हाये. बस."

डोकं बाहेर काढून तो हसला. भुवईवर ग्रीस लागलं होतं.

पहिल्या नकारानंतर महिनाभर तो कुणाशी धड बोलला नव्हता. मग एका रविवारी आपल्या पायांनी सत्यशीलाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बाई जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, सडसडीत, पांढरी सुती साडी, आणि बोलताना समोरच्याचा शब्द संपेपर्यंत थांबायची सवय, जी आमच्या नाटकवाल्यांत कुणालाच नसते. त्यांच्या पडवीत पेरूच्या झाडाची सावली येते. एका जुन्या कपाटाचं दार काळं रंगवून त्यांनी फळा केलेला. फी घेणार नाही म्हणाल्या. जमीरनं त्यांचा कूलर दुरुस्त केला, मग शिलाई मशीन, मग ज्याला काहीही झालेलं नव्हतं असं कुकरचं झाकण.

"जमीरभाऊ, आता घरात बिघडण्यासारखं फक्त माझं डोकं उरलंय," बाई म्हणाल्या. "बसा."

मी रोज संध्याकाळी चारला तिथे जाऊन बसू लागलो. मला काही शिकायचं नव्हतं. पण त्या पडवीत काळ फार संथ चालायचा. बाई फळ्यावर आडवी रेघ ओढत, मध्ये एक टिंब देत. हे टिंब म्हणजे आत्ता. डावीकडे झालेलं, उजवीकडे व्हायचं. जमीर त्या रेघेकडे अशा डोळ्यांनी बघायचा की जणू ती लोखंडी शाफ्ट आहे आणि कुठे वाकलीय ते त्याला शोधायचंय.

"उद्या मी येईन," बाई सांगत. "आय विल कम."

"बाई, आपल्याकडं 'येईन' कोणी म्हणत नाई. 'येतो' म्हंते. अन् येतो म्हटलं म्हणजे येतेच असं नाई."

"इंग्रजीत येताना घड्याळ घालून यावं लागतं."

"हो बाई."

एकदा त्यांनी 'हॅड गॉन' शिकवलं. एक गोष्ट झाली, आणि तिच्याही आधी दुसरी झालेली होती, ती कशी सांगायची.  पेरूच्या झाडावर पोपट होते, त्यांचे अर्धे खाल्लेले पेरू टपटप पडत होते.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "जीनमधले उस्ताद गेले तवा अब्बा गेलेलेच होते."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर."

"चांगली हाये ही भाषा. गेलेल्या लोकाइचा नंबर लावून ठेवते."

त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही. आम्ही तिघं नुसते बसून राहिलो आणि ऊन भिंतीवरून चढत चढत कौलांवर गेलं.

पण एवढं सगळं छान चाललं असताना बाईंच्या मनात काही तरी खटकत होतं. तीन आठवडे झाले तरी जमीरनं एकदाही "समजलं नाही" म्हटलं नव्हतं. काहीही सांगा, "हो बाई." वही तपासली तर अर्धं चुकलेलं. एका संध्याकाळी बाई नेहमीच्याच आवाजात, फळ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "भविष्यकाळाचं उदाहरण. उद्या सूर्य पश्चिमेला उगवेल आणि सदाशिवराव वेळेवर घरी जातील. समजलं?"

"हो बाई."

बाईंनी खडू खाली ठेवला. मला हसू आवरेना, पण त्या हसत नव्हत्या.

"काहून असं करता जमीरभाऊ? मी मारकी आहे का?"

मग त्यानं सांगितलं. खाली मान घालून, तुकड्या तुकड्यांनी. जीनमध्ये त्याचे उस्ताद किसनराव. मोठा कसबी माणूस. ते एकदा सांगत. दुसऱ्यांदा विचारलं की हातातला पाना खाली ठेवत आणि चहाला निघून जात. दिवसभर परत येत नसत. सगळ्या फिटरांमध्ये तीच रीत. उस्तादाला, साहेबाला, कुणालाही "समजलं नाही" म्हणायचं नाही. हो म्हणायचं, आणि मग एकट्यानं मशिनीला हात लावून, चुकत चुकत, समजून घ्यायचं. "त्याच्यानंच तर मी शिकलो बाई. मशीन चुकू देते. हे बोलणं कुठं हात लावू देते?"

मागच्या एप्रिलमधल्या त्या पंधरा मिनिटांच्या "येस मॅडम"चा उलगडा मला तेव्हा झाला.

बाईंनी त्याला एक गृहपाठ दिला. रोज तीन वेळा मोठ्यानं म्हणायचं, "आय डिड नॉट अंडरस्टँड." आणि ते बायकोला म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी हमीदा, जमीरची बायको, माझ्या दारात आली. हातात शेवयांची वाटी, तोंडावर पदर धरून हसू दाबलेलं.

"सदूभाऊ, हे काय खूळ घातलं यांच्या डोक्यात? मी म्हटलं तेल संपलं, तर म्हंते आय डिड नॉट. मी म्हटलं जावयाचा फोन आलता, तर म्हंते आय डिड नॉट. अहो, पस्तीस वर्षांपासून या माणसाले माह्यं काहीच समजून नाई राह्यलं. आता फक्त साहेबासारखं सांगते."

पण तिलाही ती भाषा हळूहळू आवडू लागली. कणीक मळता मळता ती त्याचे शब्द ऐके. वॉशर, लूज, टाईट, स्लो. यातले निम्मे तिला ठाऊक होतेच. जीनमधल्या माणसांच्या तोंडी ते पिढ्यान्पिढ्या होते, फक्त ते इंग्रजी आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं. "म्हणजे मलेही येते इंग्रजी," ती म्हणाली, "मी काहून जाऊ नये आफ्रिकेले?"

"तुले मशीन येते का?"

"तुम्हाले चालवते ना इतके वर्षं."

ऑक्टोबरात जीन सुरू झाला. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली, शेडमध्ये बोललेलं ऐकू येईनासं झालं. आता अभ्यास फक्त रविवारी. पण खडूची अक्षरं पुसली गेली नाहीत. ज्यांना एबीसीडी येत नाही अशा बायाही मशिनींना त्याच नावानं ओळखू लागल्या. "अवं, ब्रोकन बंद पडली पाहा," अशी हाक मी माझ्या कानांनी ऐकलीय. आणि जमीरला स्वप्नं पडू लागली. एक तर त्यानं मला चहा पिताना सांगितलं, डोळे अजून त्यातच असल्यासारखे.

"मी तिथं पोचलो भाऊ. मोठं मैदान, अन् सगळीकडं रुई उडून राह्यली, बर्फासारखी. तिथले लोक आले. सगळे खणखणीत वऱ्हाडी बोलून राह्यले. 'काहून बे जमीर, लेट झाला?' असं. अन् मी एकटाच इंग्रजी बोलतो, अन् माह्यं कोणालेच समजत नाई."

"मग?"

"मंग काई नाई. मी त्याईच्यात बसून ज्वारीची भाकर खाल्ली."

आता माझ्या अपराधाकडे येतो.

मार्च उजाडला तसा मला धीर धरवेना. बाई त्याला रोज वेगवेगळं विचारत, तो अडखळे, थांबे, हात वर करून हवेत पाना फिरवल्यासारखा करे आणि मग कुठे वाक्य बाहेर पडे. मला वाटलं, अशानं वीस मिनिटांत काय होणार. नाटक असं बसवत नाहीत. मी बत्तीस प्रश्न काढले आणि त्यांची बत्तीस उत्तरं बाईंकडूनच, बाकी काही न सांगता, दुरुस्त करून घेतली. रोज सकाळी शेडच्या मागे मी मॅडम व्हायचो. माझा प्रश्न संपला की त्याचं वाक्य. बाराव्या दिवशी त्याची तालीम इतकी चोख झाली की माझा प्रश्न अर्धा असतानाच उत्तर यायचं.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला पडवीत उभं केलं.

"सदाशिवराव, हे नाटक नाही. ती बाई तुमची संहिता वाचून येणार नाही."

"बाई, पाठांतर हा पाया असतो."

"पाया नाही, कुबडी."

"कुबडीवर का होईना, चालेल तर."

जमीर आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. त्यानं बाईंना "हो बाई" म्हटलं, मला "हो भाऊ" म्हटलं, आणि तालीम चालू राहिली.

एप्रिलच्या नऊ तारखेला, दुपारी साडेतीनला, जीनच्या ऑफिसात लॅपटॉप उघडला. मॅनेजरनं पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. जमीरनं ईदचा कुर्ता घातला होता. बाई कोपऱ्यात खुर्चीवर. मी फायलींच्या कपाटाआड, हातात बत्तीस प्रश्नांचा कागद घेऊन, प्रॉम्प्टर.

पडद्यावर मॅडम आली. चाळिशीची, कपाळावर चष्मा चढवलेला, डोक्याला पिवळं फडकं. ती हसून म्हणाली, एखादा असा दिवस सांगा की तुमच्या जीनमध्ये काही तरी फार बिनसलं होतं.

हा प्रश्न आमच्या बत्तिसांत नव्हता.

"माय नेम इज जमीर शेख," जमीर म्हणाला.

मॅडम थांबली. मग तिनं विचारलं, आवाज नीट येतोय का.

"आय लिव्ह इन वणी, डिस्ट्रिक्ट यवतमाळ."

तो पुढच्या वाक्यापाशी अडला आणि माझ्या रक्तातली सवय उसळून आली. कपाटाआडून मी कुजबुजलो, "आय हॅव बीन वर्किंग."

मॅडमनं मान वाकडी केली. तुमच्यासोबत तिथे कुणी आहे का, असं ती विचारत होती.

"थर्टी एट इयर्स, मॅडम," जमीर म्हणाला.

माझ्या दंडाला कुणी तरी धरलं. सत्यशीलाबाई होत्या. त्यांनी मला कपाटाआडून काढलं, दाराबाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं. मग आम्ही दोघं खिडकीच्या गजांशी उभे राहिलो.  आत मॅनेजरनं कपाळाला हात लावला होता. मॅडम काही तरी सौम्यपणे बोलत होती, त्यातलं "थँक यू" मला समजलं. मागच्या वर्षीही असंच थँक यू आलं होतं. मॅनेजरचा हात लॅपटॉप मिटायला पुढे सरकला.

जमीरनं तो हात धरला.

शेडमध्ये कुणी नव्हतं, रस्त्यावरून कोळशाचा एक ट्रक गेला, त्याचा आवाज त्यानं विरू दिला. मग म्हणाला, "मॅडम. आय डिड नॉट अंडरस्टँड."

मॅडमनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"फर्स्ट क्वेश्चन," जमीर म्हणाला. "अगेन. स्लो. प्लीज."

ती पुढे झुकली आणि एकेक शब्द वेगळा ठेवत पुन्हा विचारलं. त्यानं मध्येच हात वर केला, "वन वर्ड नो." तिनं तो शब्द दुसऱ्या शब्दात सांगितला. मग तो उभा राहिला. बसून त्याला कधीच काही सांगता आलेलं नाही.

"वन डे," तो म्हणाला, "स्टोन कम. कॉटन इनसाइड, स्मॉल स्टोन. स्टोन हिट आयर्न, फायर कम. पीपल रन. आय नॉट शाउट. शाउट, पीपल मोअर रन. आय शट. फर्स्ट मेन स्विच. सेकंड फॅन. फॅन गिव्ह फायर एअर. देन डोअर. देन वॉटर."

खिडकीशी बाई बोटांवर चुका मोजत होत्या. पाचव्या बोटानंतर त्यांनी मूठ मिटली आणि तो हात पदराखाली घेतला.

तो बोलत होता, ती विचारत होती, तो थांबवत होता, ती पुन्हा विचारत होती. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली. आणि मग जे घडलं ते आम्ही कुणीच बसवलेलं नव्हतं. जमीरनंच तिला प्रश्न विचारला.

"मॅडम, युवर ग्राउंड. सॉइल. ब्लॅक?"

हो, ती म्हणाली, काळी आहे.

"समर, क्रॅक?" त्यानं दोन्ही तळवे जोडून मधे फट दाखवली.

मॅडम एकदम सावध झाली. हो, भेगा पडतात. का?

"सेम माय सॉइल," तो म्हणाला. "रेन, सॉइल बिग. समर, सॉइल स्मॉल. मशीन स्टँड, सॉइल मूव्ह, मशीन वॉक. शाफ्ट बेंड. फर्स्ट डिग. डीप. ब्लॅक सॉइल आउट, मुरूम इन." मुरुमाला इंग्रजी शब्द त्याला सापडेना. "रेड. स्मॉल स्टोन सॉइल. हार्ड. देन सिमेंट. देन माय मशीन."

माय मशीन, असं तो म्हणाला. मॅडमनं वहीत काही तरी लिहिलं. मग ती उठली, लॅपटॉप उचलून घेतला, आणि आमच्या ऑफिसातल्या त्या छोट्या पडद्यावर सगळं हललं. छत, दार, एक कोंबडी, पांढरंशुभ्र ऊन. मग चित्र स्थिर झालं. एक मैदान. दूरवर दोन झाडं. मधे काहीच नाही. काळी, कोरी, नुसती पसरलेली जमीन.

 जमीर हळूहळू खाली वाकला, खुर्चीच्या पाठीला हात टेकून, आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. खिडकीतून मला त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. माझ्या आयुष्यात मी लोकांना रंगमंचाकडे बघताना पुष्कळ पाहिलंय. पडदा वर जायच्या आधीच असं बघणारा मात्र मी तो एकटाच पाहिला.

अकरा दिवसांनी मॅनेजरच्या फोनवर निरोप आला. निवड झाली. आणि मॅडमनं मुद्दाम लिहिलं होतं, पाया खोदायला आधी सुरुवात करतो, तुमचा माणूस येईपर्यंत सिमेंट ओतणार नाही.

मी बाईंकडे गेलो आणि त्या बत्तीस प्रश्नांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. माझी चूक झाली म्हणालो. त्यांनी कागद उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती.

"किराण्याची यादी होईल," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवला.

पासपोर्ट मक्केच्या उमराह यात्रेसाठी आधीच काढून ठेवलेला होता. एप्रिलच्या शेवटी जमीर गेला. एसटी नागपूरला निघताना हमीदानं खिडकीतून शेवचिवड्याची पिशवी आत दिली आणि त्याला बजावलं, "तिथं काई समजलं नाई तर विचारजा. इथं नाई विचारलं तरी चालते." तो गेल्यावर मात्र ती बराच वेळ बसच्या धुळीकडे बघत उभी होती. घरी येऊन तिनं त्याच्या बनियनी धुतल्या, धुतलेल्याच पुन्हा धुतल्या.

मे गेला. जून गेला. मधूनमधून फोन यायचा. पाया झाला. खांब उभे झाले. पत्रे चढले. तिथल्या लोकांचे शब्द तो आम्हाला सांगायचा आणि बाई ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यायच्या, का ते मी विचारलं नाही. तो नसताना वणीतला जीन मला मोठा वाटायचा. बारा मशिनी गोणपाटाखाली, त्यांच्या अंगावर खडूची फिकट झालेली अक्षरं, वरून तेच उजेडाचे खांब. मी तिथे बसून डोळे मिटायचो आणि कधी कधी मला दूरचं ते मैदान दिसायचं, त्यात एकेक वस्तू येऊन उभी राहताना, कुणीही न बोलता.

जुलैत, एका रविवारी, दुपारी अडीचच्या सुमारास हमीदा फोन हातात धरून धावतच बाईंच्या पडवीत आली. मीही तिथेच होतो. पडद्यावर जमीर होता. उन्हानं रापलेला, दाढीत रुई, आणि यंदा ती रुईच होती, कारण मागे नव्या कापसाची रुई सगळीकडे उडत होती. त्यानं फोन फिरवला. नवी कोरी शेड. आठ मशिनी एका ओळीत, हिरव्या रंगाच्या, अजून तेलाचा डाग नाही. पलीकडे कापसाचा ढीग, त्याच्याभोवती माणसं, आणि पिवळं फडकं बांधलेली मॅडम कमरेवर हात ठेवून उभी.

"पाह्यलं का हमीदा?" तो म्हणाला. "एवढी जागा होती. इथपासून तिथपर्यंत. काईच नव्हतं."

 हमीदानं फोन माझ्या हातात दिला आणि पदर डोळ्यांना लावला.

"जमीर," मी म्हणालो, "कसं वाटतं रे?"

तो उत्तर देणार होता. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून कुणी तरी त्याला इंग्रजीत काही विचारलं, यानं वळून इंग्रजीतच काही सांगितलं, सहज, हातानं खूण करत. काय बोलला ते मला कळलं नाही. बाईंना कळलं असावं, कारण त्या हसल्या. मग तो पुन्हा पडद्यात आला, पण डोळे आमच्याकडे नव्हते, मशिनींकडे होते. घाईघाईनं, जसं काही आम्ही शेजारच्या खोलीत आहोत, तो म्हणाला:

"ठेवतो सदूभाऊ. बेल्ट चढवून राह्यले ते, जीन चालू होते आता, मले जा लागते."